तुमची बस बदलतेय? मुंबईच्या 'बेस्ट' बसमार्गांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत एखादा बसमार्ग बदलला, तोडला किंवा दुसऱ्या रस्त्याने वळवला की थांब्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि वॉर्ड ऑफिसातल्या बैठकीत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आम्ही काही नियमित प्रवासी अशा बैठकांना जात असतो. तिथे विचारले जाणारे प्रश्न आणि आम्ही देतो ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्या उत्तरांमागे आमचा एकच आग्रह आहे: नकाशावरच्या रेषेसाठी भांडण्याआधी त्या रेषेवर दिवसाला किती फेऱ्या होतात ते विचारा.

बसचा नंबर तोच आहे, थांब्यावरच्या पाटीवरही आहे. पण पाऊण तास बस येत नाही. मार्ग बंद झाला का?

कागदावर बहुधा झालेला नसतो. आपल्याकडे मार्ग एका दिवसात, जाहीर सांगून क्वचितच बंद होतो. आधी त्याच्यावरच्या बस काढल्या जातात. चौदाच्या दहा होतात, दहाच्या सहा. मग सकाळची पहिली बस उशिरा सुटायला लागते, रात्रीची शेवटची लवकर निघून जाते, रविवारी कोणी येतच नाही. रोजचा प्रवासी किती दिवस वाट बघणार? तो शेअर रिक्षाकडे वळतो. त्यानंतर कोणीतरी उत्पन्नाचे आकडे काढतं, त्यात 'प्रतिसाद अत्यल्प' असं दिसतं आणि मार्ग रद्द करण्याचा किंवा छोटा करण्याचा प्रस्ताव तयार होतो. प्रवासी आधी गेले की बस आधी गेली, हा प्रश्न त्या प्रस्तावात कुठेच नसतो.

म्हणून मार्ग रद्द झाल्याची बातमी येईपर्यंत थांबू नका. फेऱ्या कमी झाल्याचं जाणवलं त्याच महिन्यात बोला. एकदा प्रवासी पांगले की त्यांना परत आणणं फार कठीण असतं, आणि रद्द झालेला मार्ग पुन्हा सुरू करून घेण्यापेक्षा चालू मार्गावर दोन बस वाढवून घेणं कितीतरी सोपं.

किती बस असल्या म्हणजे पुरे? हा हिशेब सामान्य माणसाला कळेल का?

नक्की कळेल, आणि बैठकीला जाण्याआधी तो प्रत्येकाने एकदा करून बघावा.

समजा तुमचा मार्ग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला ६० मिनिटं घेतो. दोन्ही टोकांना १० मिनिटांचा विसावा धरला तर एका बसचा पूर्ण फेरा १४० मिनिटांचा झाला. या मार्गावर १४ बस असतील तर दर १० मिनिटांनी एक बस येईल. चार बस काढल्या तर तेच अंतर १४ मिनिटांवर जातं. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण दहाऐवजी चौदा मिनिटांत साचलेली गर्दी एका बसमध्ये शिरते, प्रत्येक थांब्यावर जास्त वेळ जातो आणि त्या १४ मिनिटांची प्रत्यक्षात वीस मिनिटं होतात.

आता दुसरी बाजू बघा. एकही बस काढली नाही, फक्त रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि ६० मिनिटांचा प्रवास ७५ मिनिटांचा झाला. फेरा १७० मिनिटांचा झाला. त्याच १४ बस आता दर १२ मिनिटांनी येतील. पूर्वीसारखी दहा मिनिटांची सेवा हवी असेल तर १७ बस लागतील. म्हणजे वाहतूक कोंडीने तीन बस गिळल्या, आणि त्या कोणी काढल्या असं कुठल्याही फायलीत लिहिलेलं नाही. मेट्रोचं खोदकाम, दुहेरी पार्किंग, स्टेशनबाहेर आडव्या उभ्या रिक्षा, या सगळ्यांची किंमत बसचा प्रवासी अशी न दिसणारी मोजत असतो.

मार्ग बदलायचा निर्णय नक्की कोण घेतं? नगरसेवकाकडे जायचं की आगारात?

मार्गाची आखणी आणि वेळापत्रक बेस्ट उपक्रमाचा वाहतूक विभाग करतो. त्या मार्गावर रोज बस सोडायचं काम आगाराचं. मुंबईत बेस्टची २७ आगारं आहेत आणि बहुतेक मार्ग एखाद्या आगाराशी बांधलेला असतो. धोरण आणि मोठे बदल महाव्यवस्थापकांकडे व बेस्ट समितीकडे जातात. पैशाचा विषय महापालिकेकडे, आणि भाडेवाढीला मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते.

यातली बेस्ट समिती महत्त्वाची, कारण लोकांनी निवडून दिलेली माणसं बसच्या कारभाराला प्रश्न विचारतात ती हीच जागा. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात शहरात मेट्रोचे नवे मार्ग आले, पूल पाडले गेले, बसताफा आटला, भाडं दुप्पट झालं. या सगळ्यावर सभागृहात उभं राहून विचारणारा नगरसेवक नव्हता. ही पोकळी मुंबईकरांना किती महाग पडली याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

तेव्हा उत्तर असं: फेऱ्यांचा आणि वेळेचा विषय असेल तर आगार व्यवस्थापक, मार्गच बदलायचा असेल तर वाहतूक विभाग, आणि दोन्हीकडे दिलेल्या पत्राची प्रत नगरसेवकाला. नुसतं नगरसेवकाला भेटून आलात तर तोंडी आश्वासनापलीकडे हाती काही लागत नाही.

बेस्टकडे बसच नाहीत असं सांगतात. कुठे गेल्या?

हे सांगणं खरं आहे. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ पर्यंत हा आकडा तीन हजारांच्या खाली आला, आणि त्यातल्या बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बस काहीशेच उरल्या. बस पंधरा वर्षांची झाली की मोडीत निघते. जुन्या निघत गेल्या आणि त्या वेगाने नव्या आल्या नाहीत, इतकं हे साधं आहे.

२०१९ च्या जानेवारीत बेस्ट कामगारांचा संप नऊ दिवस चालला. त्याच वर्षी जूनमध्ये कामगार संघटनेबरोबर करार झाला, त्यात बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बसचा ताफा राखायचा असं ठरलं. भाड्याच्या बस घ्यायला संघटना राजी झाली ती या अटीवर. हा आकडा लक्षात ठेवा आणि प्रत्येक बैठकीत विचारा. लेखी करारातला आकडा असल्यामुळे त्याला कोणालाही उत्तर द्यावंच लागतं.

'वेट लीज' म्हणजे काय? त्याने प्रवाशाला काय फरक पडतो?

बस कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल आणि इंधन किंवा चार्जिंग त्याचं. वाहक बहुधा बेस्टचा. बेस्ट कंत्राटदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर देते आणि तिकिटाचे पैसे बेस्टकडे जमा होतात. बसचा रंग लाल, नाव बेस्टचं, म्हणून थांब्यावर उभ्या माणसाला फरक दिसत नाही.

फरक पडतो तो कंत्राट डगमगलं की. गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून मध्येच काम सोडलं, आणि ज्या आगारांतून त्यांच्या बस सुटायच्या तिथल्या मार्गांवरची सेवा रातोरात पातळ झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसचालकांनी पगारासाठी काम थांबवलं तेव्हाही मुंबईकर आठवडाभर थांब्यांवर अडकले. त्या चालकांची मागणी रास्त होती. त्याच रस्त्यावर तेच काम करणाऱ्या बेस्टच्या चालकापेक्षा त्यांचा पगार कितीतरी कमी होता.

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत घुसली आणि अनेकांचे जीव गेले. चालक कंत्राटी होता. दुसऱ्या दिवशी कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेकडून बस सुटणं थांबवलं गेलं आणि हजारो लोकांना पुढच्या थांब्यापर्यंत चालत जावं लागलं. चालकाचं प्रशिक्षण, त्याच्या कामाचे तास, त्याची नोकरी किती पक्की आहे, हे विषय बसमार्गाच्या चर्चेत आणायला लोक कचरतात. त्यांना ते कामगारांचं भांडण वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. स्टिअरिंगवरचा माणूस दमलेला किंवा नवखा असेल तर जीव प्रवाशाचा आणि पादचाऱ्याचाच जातो.

मार्ग तोट्यात आहे तर बंद करायला काय हरकत आहे? शेवटी पैसा करदात्याचाच ना?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोक भेटतात, म्हणून थोडं सविस्तर.

आधी पैशाचं प्रमाण बघू. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात बेस्टला दिले १,००० कोटी, म्हणजे शंभरातला साधारण सव्वा रुपया. किनारी रस्त्याच्या दक्षिणेकडच्या एकाच टप्प्यावर १३ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. त्या रस्त्याला टोल नाही, आणि तो 'तोट्यात' आहे असं कोणी म्हणत नाही. पदपथ, उड्डाणपूल, उद्यानं यांच्याकडून आपण नफा मागत नाही. मग रस्त्यावरची सर्वांत कमी जागा घेऊन सर्वांत जास्त माणसं नेणाऱ्या वाहनाकडूनच तो का मागायचा?

दुसरं, बेस्टचा तोटा आजचा नाही. पूर्वी तो भरून काढायची सोय घरातच होती, एवढंच. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली तेव्हापासून वीज आणि वाहतूक एकाच उपक्रमाकडे आहे, आणि विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा सोसला जात असे. वीज कायदा २००३ आला, बेस्टचे वीजदर नियामक आयोगाच्या कक्षेत गेले आणि ही वाट अरुंद होत गेली. वीजग्राहकाने बसचा खर्च का द्यावा, हा आक्षेप चुकीचा नव्हता. पण ती वाट बंद करताना दुसरी उघडायला हवी होती. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याची जुनी मागणी त्यासाठीच आहे.

तिसरं, एका मार्गाचा तोटा वेगळा काढून बघणं फसवं असतं. रात्री साडेअकराच्या बसमध्ये सहा माणसं असतील. ती बस काढली तर फक्त सहा तिकिटं जातील असं वाटतं. पण रात्री परतायची खात्री नसलेली बाई सकाळी कामावर जायलाही दुसरं साधन शोधते, आणि सकाळच्या भरलेल्या बसमधलं तिचं तिकीटही जातं. स्टेशनपर्यंत आणून सोडणारी छोटी बस तोट्यात दिसते, कारण तिचे प्रवासी पुढे ज्या मोठ्या मार्गावर चढतात त्याचं उत्पन्न दुसऱ्या खात्यावर पडतं.

इथे एक खरी अडचण मात्र आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. बस मोजक्या असतील तर त्या कुठे वापरायच्या? कुर्ला स्टेशनहून वांद्रे-कुर्ला संकुलातून वांद्र्याला जाणाऱ्या ३१० सारख्या मार्गावर, जिथे लोक अक्षरशः दारात लटकतात? की आरेतल्या पाड्यांकडे किंवा माहुलच्या पुनर्वसन वसाहतीकडे, जिथे बस गेली तर दुसरं साधन परवडत नसलेल्या माणसाची सोय होते? दोन्हीकडची मागणी न्याय्य आहे. आमचं मत असं की ताफ्यातला काही हिस्सा, उदाहरणार्थ पाचातली एक बस, गर्दी न बघता पोहोच राखण्यासाठी ठेवायचा हे आधी जाहीर करावं, आणि उरलेल्या बस गर्दीच्या मागे न्याव्या. प्रमाण काय असावं यावर वाद होऊ द्या. आज असं कुठलंच प्रमाण जाहीर नाही, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बस जाते आणि माहुलचा आवाज कुलाब्याच्या बेस्ट मुख्यालयापर्यंत पोहोचत नाही.

लांबचा मार्ग तोडून दोन छोटे केले. अधिकारी म्हणतात यात आमचाच फायदा आहे. खरं का?

तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी बस वाटेत पाच ठिकाणी अडकते आणि तिचं वेळापत्रक दुपारपर्यंत पार विस्कटतं. छोटे मार्ग वेळ पाळतात. तेवढ्याच बसमध्ये फेऱ्या वाढवता येतात.

मात्र तीन गोष्टी झाल्या तरच हा फायदा प्रवाशाच्या पदरात पडतो, आणि मार्ग तोडण्याच्या प्रस्तावात नेमक्या त्याच नसतात.

पहिली, भाडं. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं भाडं ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि १० किलोमीटरपर्यंत १५ रुपये आहे. थेट बसने दहा किलोमीटर जाणारा १५ रुपये देत होता. मार्ग मधोमध तोडला की तो दहा अधिक दहा, २० रुपये देतो. एसी बसमध्ये २० चे २४ होतात. जाऊन-येऊन महिन्याचा हिशेब करा. ज्या घरात दोघं कामाला जातात आणि एक मूल कॉलेजात, त्या घराला हा बदल भाडेवाढीइतकाच लागतो, आणि त्याला भाडेवाढ म्हणत नसल्यामुळे कोणाची मंजुरीही लागत नाही. एका तिकिटावर ठरावीक वेळेत दुसरी बस पकडता आली तर हा अन्याय संपेल. मोबाइल तिकीट आणि कार्ड आल्यापासून यात तांत्रिक अडथळा उरलेला नाही.

दुसरी, दोन्ही बसच्या फेऱ्या. दर आठ मिनिटांनी येणारी दुसरी बस पकडणं त्रासाचं नसतं. पंचवीस मिनिटांनी येणारी पकडायची असेल तर लोक ती सोडून देतात.

तिसरी, बदलायची जागा. तिथे छप्पर हवं, दिवा हवा, बसायला बाक हवा, आणि रस्ता ओलांडायला लागू नये. जुलैच्या पावसात पिशव्या आणि मूल सांभाळत सहा पदरी रस्ता ओलांडून समोरचा थांबा गाठायचा असेल, तर ज्येष्ठ नागरिकाच्या दृष्टीने तो मार्ग बंदच झाला.

या तिन्हींची लेखी हमी मिळाली तर तोडलेल्या मार्गाला आम्ही पाठिंबा देतो. त्याशिवाय नाही.

मेट्रो आली. आता तिच्याखालून बस कशाला?

मेट्रो ३ आरेहून कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं, भाडं १० ते ७० रुपये. लांब पल्ल्याला तिची बरोबरी बस करू शकत नाही आणि करूही नये. पण मेट्रोची स्थानकं लांब अंतरावर असतात, बसचे थांबे त्यांच्या मध्ये असतात. दोन थांब्यांवरच्या दवाखान्यात जाणारी आजी तीन जिने आणि सरकते पट्टे पार करून भुयारात उतरणार नाही. पहाटे पाचला साफसफाईच्या कामावर निघालेल्या बाईला मेट्रो सुरूच झालेली नसते.

तेव्हा समांतर मार्गावरच्या काही फेऱ्या कमी कराव्या हे मान्य, सगळ्या काढू नयेत. आणि वाचलेल्या बस त्याच भागात मेट्रो स्थानकाला जोडणाऱ्या फेऱ्यांसाठी वापराव्या. त्या परस्पर दुसऱ्या आगाराला गेल्या तर तुमच्या भागाने दोन्ही गमावलं. उपनगरात निदान शेअर रिक्षा मिळते. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, त्यामुळे लालबाग, शिवडी, वरळी कोळीवाडा इथल्या माणसाला जोडबस नसेल तर टॅक्सी किंवा पाय.

पूल बंद झाला म्हणून बस वळवली. पूल सुरू झाला की मार्ग आपोआप पूर्ववत होतो का?

आपोआप होईल असं धरून चालू नका. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, त्याची एक बाजू सुरू व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. शीवचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ पासून. एवढ्या काळात लोकांच्या सवयी बदलतात, मुलं शाळा बदलतात, जुन्या थांब्याची पाटी गंजते. 'तात्पुरता' मार्ग वेळापत्रकात मुरून जातो.

पूल बंद होण्याची सूचना निघेल त्याच आठवड्यात दोन गोष्टी लेखी मागा: पूल सुरू झाल्यावर मूळ मार्ग किती दिवसांत परत येईल, आणि वळसा वाढल्यामुळे फेरा जितका लांबला तितक्या जादा बस मिळतील का. वर दिलेला हिशेब इथे कामाला येतो.

एकाच नंबरच्या तीन बस एकामागोमाग येतात, मग अर्धा तास काही नाही. चालक मुद्दाम करतात का?

नाही. पहिली बस थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यांवर जास्त माणसं साचतात, त्यांना चढवण्यात ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला गर्दी कमी मिळते, ती वेगाने येऊन तिला गाठते. यावर उपाय म्हणजे टोकाच्या बसचौकीवरच्या स्टार्टरने, म्हणजे बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने, एखादी बस रोखून धरणं किंवा एखादी मधूनच परत वळवणं. त्यासाठी चौकीवर माणूस आणि हातात अधिकार असावा लागतो. चालकाशी भांडून काही होत नाही.

आमच्या रस्त्यावर बसलेन, म्हणजे फक्त बससाठी राखीव पट्टा, मागितली तर दुकानदार आणि गाडीवाले विरोध करतात. त्यांना काय सांगायचं?

विरोध होणारच, आणि तो समोरासमोर ऐकून घ्यावा. दुकानदाराची भीती असते की गिऱ्हाइकाला गाडी लावता येणार नाही. त्याच्या दुकानासमोर एका तासात किती माणसं बसमधून उतरतात आणि किती गाड्या लागतात ते त्याच्याबरोबर उभं राहून मोजा. आमचा अनुभव असा की मोजणी झाल्यावर आवाज खाली येतो, कधीकधी पाठिंबाही मिळतो. सगळा रस्ता मागण्यापेक्षा स्टेशनजवळचा सर्वांत अडलेला तुकडा सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरता मागितला तर मिळण्याची शक्यता जास्त.

जगात कुठे सगळे मार्ग एकदम बदललेत का? की हे फक्त आपल्याच नशिबी?

दक्षिण कोरियाच्या सोलने १ जुलै २००४ ला एका दिवसात बससेवेची नवी मांडणी लागू केली. मार्गांचे नंबर बदलले, बसना कामानुसार निळा, हिरवा, लाल, पिवळा रंग दिला, रस्त्याच्या मधून बसलेन काढल्या, आणि भाडं अंतरावर ठेवून बस बदलण्याचा वेगळा भुर्दंड काढून टाकला. पहिले काही दिवस प्रचंड गोंधळ झाला, लोक चिडले. पण लेन आणि एकत्रित भाडं या दोन्ही गोष्टी त्याच दिवशी हातात पडल्यामुळे व्यवस्था टिकली.

आयर्लंडच्या डब्लिनने दुसरा रस्ता धरला. २०१८ मध्ये नव्या मार्गांचा आराखडा लोकांसमोर ठेवला, हजारो हरकती आल्या, २०१९ मध्ये सुधारित आराखडा आला आणि २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. वेळ लागला, पण कोणाची बस का बदलली याचं उत्तर छापील उपलब्ध होतं.

मुंबईत १ सप्टेंबर २०२१ पासून बऱ्याच मार्गांची फेररचना झाली, तेव्हा अनेकांना ती थांब्यावर उभं राहिल्यावर कळली. आपल्याला सोलची लेन आणि डब्लिनची आधी विचारण्याची रीत, दोन्ही हव्या आहेत.

भाडं पाचाचं दहा झालं. निदान आता सेवा सुधारायला नको?

जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी परत आले होते. स्वस्त तिकिटाने लोक येतात हे तेव्हा सिद्ध झालं. वाढत्या गर्दीसाठी बस मात्र वाढल्या नाहीत. २०२५ च्या वाढीनंतर आम्ही प्रत्येक बैठकीत एवढंच विचारतो की वाढीव उत्पन्नातून आमच्या आगारात किती बस आल्या. आकडा द्या, मग पुढचं बोलू.

बैठकीत शेजारच्या वसाहतीतले लोक आमच्याविरुद्धच बोलतात. बस त्यांच्या रस्त्याने हवी म्हणतात.

हे फार वेळा होतं आणि त्यात दोन्हीकडची शक्ती वाया जाते. बैठकीआधी त्यांच्याकडे चहाला जा. वळण घेऊन बस दोन्ही वसाहतींतून नेली तर फेरा लांबतो आणि दोघांनाही कमी बस मिळतात, हे मिनिटांत मांडून दाखवा. पाच मिनिटं चालून दर दहा मिनिटांची बस, की दारातून दर पंचवीस मिनिटांची? तरुण माणसं पहिली निवडतात. गुडघेदुखी असलेली माणसं दुसरी निवडतात आणि त्यांचं ऐकायलाच हवं. दुपारी गर्दी नसताना एखादी फेरी आतून नेण्याचा तोडगा अशा वेळी निघू शकतो. दोन वसाहतींचं एकच पत्र गेलं तर त्याचं वजन वेगळं असतं.

पत्रात नक्की काय लिहायचं?

'सेवा सुधारावी ही नम्र विनंती' एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत जाऊन बसतं. मार्ग क्रमांक, थांब्याचं नाव, तारीख, वेळ आणि किती मिनिटं बस आली नाही हे लिहा. आठवड्यातले पाच दिवस, सकाळी आठ ते दहा, थांब्यावर आळीपाळीने उभं राहून आलेल्या प्रत्येक बसची वेळ वहीत टिपा. अ‍ॅपवर बस दिसत होती पण आली नाही, तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. बस आली पण दार न उघडता गेली, तर तेही लिहा. ती फेरी कागदावर 'पूर्ण' असते.

सोबत माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात एक मार्ग आणि एकच आठवडा घ्या आणि विचारा: नियोजित बस किती, प्रत्यक्षात किती निघाल्या, नियोजित फेऱ्या किती, रद्द किती आणि रद्द होण्याची नोंदलेली कारणं कोणती, पहिली आणि शेवटची बस कधी सुटली. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच आठवड्याची तीच माहिती मागा. हे दोन कागद शेजारी ठेवले की 'प्रतिसाद अत्यल्प' या शेऱ्याला तुमच्याकडे तारीखवार उत्तर असतं.

पुण्यात किंवा ठाण्यात राहणाऱ्यांना यातलं काही उपयोगी आहे का?

हिशेब तोच आहे. पुण्यात २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. तिथेही कंत्राटी बस आहेत, तिथेही जून २०२५ मध्ये भाडं वाढलं, आणि बीआरटीच्या, म्हणजे जलद बससाठी राखीव, लेन काही रस्त्यांवरून काढून टाकल्या गेल्या. नावं आणि कार्यालयं बदला. अर्जातले प्रश्न तसेच ठेवा.

बदल लागू होऊन महिना झाला. आता बोलून उपयोग आहे?

आहे, पण वाट बघू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुने प्रवासी अजून थांब्यावर भेटतात, त्यांच्या सह्या मिळतात, जुनं वेळापत्रक कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असतं. या शनिवारी सकाळी आठला थांब्यावर वही घेऊन उभे राहा आणि जुन्या प्रवाशांचे फोन नंबर घ्यायला सुरुवात करा.